ई-मेल फायलींची कालानुक्रमे मांडणी

ई-मेल फायलींची कालानुक्रमे मांडणी : संगणकात फायलींच्या स्वरूपात साठविलेली ई-मेल पत्रे त्यांच्या लेखनाच्या, प्रेषणाच्या वा प्राप्तीच्या वेळेनुसार क्रमाने लावण्याची क्रिया. पत्रे थोडी असतील, तर टपाल वाचण्याची आज्ञावलीच ती क्रमाने दाखविते. परंतु जुन्या यंत्रावरून उतरवून घेतलेली किंवा अभिलेखागाराकडे सुपूर्द झालेली हजारो पत्रे सुट्या फायलींच्या रूपात हाती येतात, तेव्हा ते काम बहुधा शेल स्क्रिप्टच्या साहाय्याने करतात. शेल म्हणजे युनिक्स व तिच्या वर्गातील लिनक्स इ. कार्यप्रणालींत वापरणाऱ्याच्या आज्ञा स्वीकारून त्या पार पाडणारी आज्ञावली. अशा आज्ञा क्रमाने एका फाईलमध्ये लिहून ठेवल्या म्हणजे तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात. यातील क्रम लावण्याचा भाग सर्वांत सोपा असून ते काम एक आज्ञा काही क्षणांत करते. पत्राची खरी तारीख कोणती हे ठरविणे आणि ती तुलनेस योग्य अशा रूपात आणणे हे यातील अवघड काम होय.

या क्रियेचे महत्त्व एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पत्रसंग्रहावरून चांगले स्पष्ट होते. टेक्सस राज्यातील ह्यूस्टन येथे मुख्यालय असलेल्या या कंपनीने डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या व्यवहारांच्या चौकशीच्या ओघात अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २००३ मध्ये तिच्या सुमारे दीडशे कर्मचाऱ्यांचे ई-मेल खुले केले. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातून अभ्यासकांना उपलब्ध करून देण्यात आलेल्या या संग्रहाच्या आवृत्तीत सुमारे ५ लाख पत्रे आहेत. खऱ्या कामकाजातील एवढा मोठा पत्रव्यवहार सार्वजनिक होण्याची उदाहरणे फार थोडी असल्याने भाषावैज्ञानिक व संगणकशास्त्रज्ञ यांनी त्याचा विपुल वापर केला आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीनेही या संग्रहास महत्त्व आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्प याच कंपनीने उभारला. राज्य शासनाने १९९५ मध्ये तो रद्द केला, फेरवाटाघाटींनंतर १९९९ मध्ये त्याच्या पहिल्या टप्प्यातून वीजनिर्मिती सुरू झाली आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी झालेल्या वादानंतर मे २००१ मध्ये ती थांबली. दाभोळचा उल्लेख असलेली अनेक पत्रे या संग्रहात आहेत. कोणती गोष्ट कोणास केव्हा ठाऊक झाली, हा अशा प्रकरणातील कळीचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर पत्रांच्या क्रमावर अवलंबून असते. क्रम चुकल्यास उत्तर प्रश्नाच्या आधी येते आणि त्यावर आधारलेला निष्कर्ष उलटा होतो.

दिनांकाचे मानकीकरण : एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत पत्र पाठविण्याची पद्धत १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी प्रचारात आणली. पत्राच्या आरंभी प्रेषक, दिनांक व विषय यांच्या ओळी ठराविक रीतीने लिहाव्यात अशी सूचना आरएफसी ५६१ या १९७३ च्या टिपणात केलेली आढळते. आरएफसी ८२२ (१९८२) या मानकाने शीर्षभागाचे स्वरूप निश्चित केले. त्यानुसार पत्राचे शीर्षभाग व मजकूर असे दोन भाग असून त्यांच्यामध्ये एक कोरी ओळ असते. या मानकात वर्षाचे दोनच अंक लिहिण्याची मुभा होती. १९८९ मध्ये चार अंक लिहिण्याची शिफारस करण्यात आली आणि २००१ मधील आरएफसी २८२२ या सुधारित मानकाने ते बंधनकारक केले. हेच मानक २००८ मध्ये आरएफसी ५३२२ या क्रमांकाने पुन्हा सुधारण्यात आले. जुन्या पत्रांतील दोन अंकी वर्षांचा अर्थ कसा लावावा, हेही २००१ च्या मानकात सांगितले आहे : ०० ते ४९ हे अंक २००० नंतरचे आणि ५० ते ९९ हे १९०० नंतरचे समजावेत. वर्ष तीन अंकी असल्यास त्यात १९०० मिळवावेत. हा शेवटचा नियम चमत्कारिक वाटला, तरी सकारण आहे. १९०० पासून वर्षे मोजणाऱ्या काही आज्ञावल्यांनी २००० साल उजाडल्यावर पत्रांवर '१००' असे वर्ष घातले होते.

एकाच पत्राच्या अनेक वेळा : कागदी पत्रावर लेखकाने घातलेली तारीख आणि टपाल कचेरीचे शिक्के वेगवेगळे असतात, तशीच ई-मेलचीही स्थिती आहे. शीर्षभागातील दिनांकाची ओळ प्रेषकाच्या यंत्रावरील घड्याळानुसार लिहिली जाते. ते घड्याळ चुकीचे असल्यास ही ओळही चुकीची होते आणि प्रेषकाने ती हेतुपुरस्सर खोटी घातली, तरी तिला अडविणारे काही नसते. पत्र ज्या सर्व्हरांमधून जाते, त्यांपैकी प्रत्येक जण शीर्षभागाच्या वर 'प्राप्त झाले' अशी आपली ओळ वेळेसह चढवितो. अर्थात अशा ओळी खालून वर वाचाव्या लागतात. सर्वांत वरची ओळ पत्र स्वीकारणाऱ्याच्या स्वतःच्या सर्व्हरने घातलेली असल्याने तीच अधिक विश्वसनीय मानतात.

या दोहोंहून निराळी आणि सर्वांत अधिक फसविणारी वेळ म्हणजे फाईलची. युनिक्स कार्यप्रणाली प्रत्येक फाईलबाबत तीन वेळा नोंदवून ठेवते : मजकूर शेवटी बदलल्याची, फाईल शेवटी वाचल्याची आणि तिच्याविषयीच्या नोंदींत शेवटचा बदल झाल्याची. फायलींची यादी देणाऱ्या 'एलएस' या आज्ञेस कालक्रमाने यादी मागितल्यास ती यांतील पहिली वेळ पाहते. पत्र आले त्याच दिवशी त्याची फाईल तयार होऊन तेथेच पडून राहिली असेल, तर ही वेळ उपयोगी पडते. मात्र 'सीपी' या आज्ञेने फायलींची साधी नक्कल केली की नकलेवर नक्कल करण्याच्या क्षणाची वेळ पडते. वेळ राखून ठेवण्याचा पर्याय देण्यास विसरले, तर वीस वर्षांची पत्रे एकाच दुपारची होऊन बसतात. जुना संगणक बदलताना हे वारंवार घडते आणि मूळ तबकडी टाकून दिल्यानंतरच बहुधा ते लक्षात येते. म्हणून फाईलच्या वेळेवर विसंबून न राहता पत्राच्या आतील दिनांकच वाचून काढणे हाच योग्य मार्ग होय.

साठवणीच्या पद्धती : मांडणीची रीत काही अंशी साठवणीवर अवलंबून असते. 'एमबॉक्स' या जुन्या पद्धतीत एका खणातील सर्व पत्रे एकाच लांबलचक फाईलमध्ये एकापुढे एक लिहिलेली असतात. 'फ्रॉम' हा शब्द व त्यापुढे मोकळी जागा यांनी सुरू होणारी ओळ नव्या पत्राचा आरंभ दर्शविते. पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ त्या शब्दाने सुरू झाली, तर घोटाळा होऊ नये म्हणून तिच्याआधी एक कोनचिन्ह घालतात. अशी फाईल प्रथम सुट्या पत्रांत विभागावी लागते व त्यासाठी 'फॉर्मेल' ही आज्ञावली सोयीची आहे. रँड कॉर्पोरेशनमध्ये १९७९ च्या सुमारास तयार झालेल्या 'एमएच' पद्धतीत प्रत्येक पत्राची वेगळी फाईल असून तिचे नाव म्हणजे केवळ एक क्रमांक असतो. या पद्धतीत तारखेनुसार क्रमांक बदलून देणारी 'सॉर्टएम' ही खास आज्ञा आहे. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या 'मेलडिर' पद्धतीतही प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाईल असते. तिच्या नावाचा आरंभ पत्र पोहोचल्याच्या वेळेच्या सेकंदांनी होत असल्यामुळे केवळ नावे क्रमाने लावली, तरी प्राप्तीचा क्रम मिळतो. एन्रॉनच्या संग्रहात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावाने एक विभाग, त्यात खण व खणात क्रमांकित फायली अशी रचना आहे. परंतु हे क्रमांक कालक्रमाचे नव्हेत. शिवाय साधी यादी घेतल्यास १, १०, १००, १०००, १०१ असा क्रम येतो, कारण तेथे क्रमांकांची तुलना संख्या म्हणून न होता अक्षरे म्हणून होते.

कार्यपद्धती : दिनांकाची ओळ आहे त्याच रूपात घेऊन वर्णानुक्रमे लावल्यास काहीच साधत नाही. तिचा आरंभ इंग्रजी वाराच्या लघुरूपाने होत असल्याने सर्व शुक्रवार आधी आणि सर्व बुधवार शेवटी येतात. वार वगळला तर दिवसाचा आकडा पुढे येतो आणि महिन्यांची नावे घेतली, तर एप्रिल, ऑगस्ट व डिसेंबर हे जानेवारीच्या आधी लागतात. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, प्रत्येक घटकाचे अंक निश्चित ठेवून लिहिणे. आयएसओ ८६०१ (१९८८) या आंतरराष्ट्रीय मानकाची रीत हीच असून तीत वर्णानुक्रम व कालक्रम एकच होतात. दुसरा उपाय म्हणजे दिनांकाचे एका संख्येत रूपांतर करणे. युनिक्समध्ये जागतिक प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले, यावरून काळ मोजतात. मांडणीसाठी ही संख्या सर्वांत सोयीची आहे.

स्क्रिप्टचे काम पुढीलप्रमाणे चालते. 'फाइंड' ही आज्ञा संग्रहातील सर्व फायलींची नावे एकामागून एक पुरविते. प्रत्येक फाईल उघडून तिच्यातील ओळी पहिली कोरी ओळ येईपर्यंतच वाचतात व त्यांतून दिनांकाची ओळ उचलतात. हे काम 'ऑक' ही आज्ञा करू शकते. कोऱ्या ओळीपाशी थांबणे अत्यावश्यक असते. पुढे धाडलेल्या पत्राच्या मजकुरात आधीच्या पत्राचा दिनांक तशाच ओळीत आलेला असतो आणि सबंध फाईल धुंडाळल्यास एका पत्राला दोन-तीन तारखा चिकटतात. विंडोजवरून आलेल्या फायलींत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह असते. त्यामुळे डोळ्यांना कोरी दिसणारी ओळ स्क्रिप्टच्या दृष्टीने कोरी नसते आणि शीर्षभाग कोठे संपला ते तिला कळतच नाही. म्हणून हे चिन्ह आधी काढून टाकतात. लांब ओळ मोडून पुढच्या ओळीवर नेण्याची मुभा मानकात असल्याने मोकळ्या जागेने सुरू होणारी ओळ मागील ओळीस जोडून घ्यावी लागते.

उचललेली ओळ नंतर 'डेट' या आज्ञेकडे देतात. लिनक्सवरील 'डेट' बहुतेक दिनांक आपणहून ओळखून त्यांचे सेकंद सांगते, तर बीएसडी वर्गातील प्रणालींवर दिनांकाचा साचा आधी कळवावा लागतो. लिनक्सवरील या आज्ञेत एक खोच आहे. तिला रिकामी ओळ दिली, तर ती चूक न दर्शविता त्या दिवसाच्या मध्यरात्रीची वेळ देते. परिणामी ज्या पत्रात दिनांकच नाही, ते गाजावाजा न करता आजचे पत्र म्हणून यादीच्या टोकाला जाऊन बसते. ओळ रिकामी आहे काय, हे स्क्रिप्टने स्वतः तपासणे हाच यावर उपाय होय. महाराष्ट्रातील संगणकांवर आणखी एक दक्षता घ्यावी लागते. कार्यप्रणालीची भाषा मराठी ठेवलेली असल्यास 'डेट' महिन्यांची नावे मराठीत छापते व इंग्रजी नावे अपेक्षिणाऱ्या पुढच्या आज्ञा अडतात. याकरिता स्क्रिप्टच्या आरंभीच भाषेची निवड मूळ 'सी' या प्रमाण रूपावर आणून ठेवतात.

आता प्रत्येक पत्रासाठी सेकंदांची संख्या व फाईलचे नाव अशी एक ओळ तयार होते. या सर्व ओळी नळीतून 'सॉर्ट' आज्ञेकडे जातात. एका आज्ञेचे फलित थेट दुसरीकडे पोहोचविणारी ही नळी डग्लस मॅकिलरॉय यांच्या कल्पनेतून १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली आणि शेलची खरी शक्ती तीच आहे. 'सॉर्ट'ला संख्येच्या रीतीने तुलना करण्यास सांगणे येथे विसरता कामा नये. जागतिक प्रमाणवेळेनुसार ९ सप्टेंबर २००१ रोजी १ वाजून ४६ मिनिटे ४० सेकंदांनी युनिक्सची सेकंदसंख्या १०० कोटी झाली, म्हणजेच ती नऊ अंकांवरून दहा अंकांवर गेली. अक्षरांच्या रीतीने तुलना केल्यास १ ने सुरू होणारी दहा अंकी संख्या ९ ने सुरू होणाऱ्या नऊ अंकी संख्येच्या आधी लागते. एन्रॉनचा पत्रव्यवहार नेमका या क्षणाच्या दोन्ही बाजूंस पसरलेला असल्याने केवळ एका अक्षराचा पर्याय विसरल्यास कंपनी कोसळतानाची २००१ च्या अखेरची पत्रे त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातील पत्रांच्या आधी येतात. यादी वरवर नीटनेटकी दिसत असल्याने ही चूक सहज ध्यानात येत नाही.

स्थानिक वेळ : पत्रावरील वेळेच्या शेवटी ती जागतिक प्रमाणवेळेच्या किती पुढे वा मागे आहे, ते चार अंकांनी दर्शवितात. भारतासाठी हे अंक +०५३० असे असतात. समजा, मुंबईहून ३० मे २००१ रोजी सकाळी ९ वाजता एक पत्र निघाले आणि ह्यूस्टनहून पंधरा मिनिटांत त्याचे उत्तर आले. ह्यूस्टन येथे उन्हाळ्यात −०५०० ही वेळ चालत असल्याने उत्तरावर २९ मे, रात्रीचे २२ वाजून ४५ मिनिटे अशी नोंद होईल. छापलेल्या तारखा पाहिल्या, तर उत्तर आदल्या दिवशीचे ठरते. सेकंदांत रूपांतर केल्यावर मात्र पत्राची संख्या ९९,११,९३,४०० व उत्तराची ९९,११,९४,३०० येते आणि क्रम सरळ होतो. पूर्वी अंकांऐवजी स्थानिक वेळेचे लघुनाव लिहीत. तसे 'आयएसटी' हे लघुनाव भारतीय, इझ्राएली व आयरिश अशा तिन्ही वेळांसाठी वापरले जात असल्याने त्यावरून निश्चित काही ठरविता येत नाही. एन्रॉनच्या खुल्या संग्रहात आणखी एक विशेष आढळतो. पत्र कोठूनही निघालेले असो, त्यावरील वेळ अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याच्या वेळेत, म्हणजे −०८०० किंवा उन्हाळ्यात −०७०० अशी दिलेली आहे. ही अर्थातच संग्रहावर नंतर झालेल्या प्रक्रियेची खूण होय. पत्रांचा आपापसांतील क्रम त्यामुळे बिघडत नाही. परंतु प्रेषकाच्या घड्याळात तेव्हा किती वाजले होते, तो कचेरीत होता की घरी, असे प्रश्न विचारणाऱ्याने हे अंक जपून वापरावेत.

सदोष दिनांक : कोणत्याही मोठ्या संग्रहात अशक्य तारखांची काही पत्रे निघतातच. एन्रॉनच्या संग्रहातील अनेक पत्रांवर ३१ डिसेंबर १९७९, सायंकाळी ४ वाजता अशी वेळ आहे. एन्रॉन ही कंपनीच मुळी १९८५ मध्ये दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून उदयास आली. तेव्हा ही तारीख खरी असणे शक्य नाही. तिचा उलगडा मात्र मोठा उद्‌बोधक आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरील ही वेळ म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी १९८० ची मध्यरात्र आणि वैयक्तिक संगणकांवरील 'डॉस' ही कार्यप्रणाली याच दिवसापासून काळ मोजत असे. याचा अर्थ असा की, या पत्रांची तारीख कोठे तरी हरवली असावी आणि तिच्या जागी शून्य पडले असावे. काही पत्रांवर वर्षाचा आकडा ०००१ असा असून तो २००१ चा भ्रष्ट अवशेष असावा. काही पत्रे थेट २०४४ सालची आहेत. सेकंदांची संख्या ३२ अंशांत साठविणाऱ्या जुन्या यंत्रांना जानेवारी २०३८ च्या पलीकडील काळ मोजताच येत नाही. त्यामुळे अशी पत्रे तेथे रूपांतराच्या टप्प्यावरच अडतात.

अशा पत्रांना क्रमात कोठेतरी बसवून देण्याचा मोह टाळावा. ज्ञात कालमर्यादेबाहेर पडणाऱ्या सर्व पत्रांची वेगळी यादी करून ती माणसाने डोळ्यांखालून घालणे हाच प्रशस्त मार्ग आहे. शीर्षभागात सर्व्हरांच्या प्राप्तीच्या ओळी असल्यास त्यांवरून चूक सुधारता येते. एन्रॉनच्या पत्रांतून त्या ओळी गेलेल्या असल्याने तेथे मजकुरातील उल्लेख, उद्‌धृत केलेले आधीचे पत्र किंवा त्याच पत्राची दुसऱ्या खणातील प्रत यांचाच आधार उरतो. दुहेरी प्रतींची या संग्रहात वाण नाही. सेकंदांनुसार मांडणी केली म्हणजे अशा प्रती आपोआप शेजारी येतात, हा तिचा एक आनुषंगिक लाभ होय.

प्रत्यक्ष मांडणी : क्रम निश्चित झाल्यावर तो तीन प्रकारे अमलात आणता येतो. केवळ यादी तयार करून मूळ फायलींना हात न लावणे हा पहिला आणि सर्वांत सुरक्षित प्रकार. दुसऱ्या प्रकारात फाईलच्या नावाआधी वर्ष-महिना-दिवस व वेळ यांचे अंक जोडतात किंवा वर्षवार व महिनेवार खण पाडून फायली त्यांत हलवितात. यात एकाच सेकंदाच्या दोन पत्रांना एकच नाव मिळाल्यास 'एमव्ही' ही आज्ञा आधीची फाईल पुसून तिच्या जागी नंतरची ठेवते आणि त्याची वाच्यताही करीत नाही. म्हणून आधीचे नाव राखून त्यापुढे वेळ जोडणे किंवा विद्यमान फाईल पुसू न देणारा पर्याय वापरणे आवश्यक असते. तिसऱ्या प्रकारात 'टच' या आज्ञेने फाईलवरील वेळच पत्राच्या वेळेइतकी करतात. त्यानंतर साध्या 'एलएस'नेही योग्य क्रम दिसतो. घरगुती संग्रहासाठी हा उपाय सुटसुटीत आहे. तथापि पत्रे न्यायालयात वा चौकशीत पुरावा म्हणून दाखल व्हावयाची असतील, तर मूळ फायलींवर 'टच' कधीही चालवू नये, कारण फाईलवरील मूळ वेळ हीही एक नोंदच असते. त्यातच नोंदींतील बदलाची वेळ 'टच'ला हवी तशी मागे नेता येत नाही. ती त्या क्षणाची पडते आणि फायलींना कोणी व केव्हा हात लावला, असा प्रश्न विनाकारण उपस्थित होतो.

लाखो पत्रांच्या बाबतीत वेगाचाही विचार करावा लागतो. प्रत्येक पत्रासाठी 'डेट' नव्याने सुरू करणारी स्क्रिप्ट पाच लाख वेळा ती सुरू व बंद करते आणि बहुतेक वेळ त्यातच जातो. त्याऐवजी सर्व दिनांक आधी एका फाईलमध्ये उतरवून ती फाईल लिनक्सवरील 'डेट'कडे एकदाच सोपविली, तर तेच काम अल्पावधीत होते. मात्र न उमगलेल्या दिनांकासाठी 'डेट' काहीच ओळ छापीत नाही. त्यामुळे नावांची व सेकंदांची यादी पुन्हा शेजारी जोडताना एक ओळ घसरते आणि तेथून पुढच्या प्रत्येक पत्रास दुसऱ्याच पत्राची तारीख मिळते. दोन्ही याद्यांतील ओळींची संख्या सारखी आहे याची खात्री पटल्यावाचून पुढची पायरी गाठू नये. ती जुळत नसल्यास सदोष दिनांक आधी वेगळे काढून सर्व क्रिया पुन्हा करतात.